रात्री विमान उतरताना केबिनमधले दिवे मंद का करतात?

दिवे मंद केल्याने इंजिनावरचा भार हलका होतो का, आणि ते लख्ख ठेवणंच जास्त सुरक्षित नाही का, असे दोन प्रश्न आहेत. भाराचा इथे काही संबंध नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आणीबाणीचे दिवे किती उजेड देतात त्यात आहे.

तो उजेड फारच थोडा असतो. अमेरिकेच्या नियमांनुसार मार्गिकेत, सीटच्या हाताच्या उंचीवर, सरासरी ०.०५ फूट-कँडल (उजेडाचं माप), म्हणजे साधारण अर्धा लक्स, पुरतो. पौर्णिमेच्या चांदण्याहून जरासा जास्त, एवढंच. आणीबाणीच्या दिव्यांच्या बॅटऱ्या वेगळ्या असतात आणि किमान १० मिनिटं चालाव्या लागतात. लख्ख उजेडातून एकदम इतक्या अंधुकात आलं की सुरुवातीला जवळपास काहीच दिसत नाही. डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि विमान रिकामं करण्याची चाचणी असते ९० सेकंदांची, तीही अंधारात आणि निम्मेच दरवाजे वापरून. म्हणून डोळे आधीच सरावून ठेवायचे.

शिवाय आत झगझगाट असला की खिडकीची काच आरशासारखी होते. दरवाजा उघडण्याआधी क्रूला बाहेर आग आहे का ते पाहावं लागतं. खिडक्यांच्या झडपा वर करायला लावतात त्याही याचसाठी.

आता मार्गिकेच्या जमिनीवरची, दरवाजाची वाट दाखवणारी उजळ पट्टी. गरम धूर छताशी साचतो आणि दरवाजा दाखवणाऱ्या वरच्या पाट्या आधी दिसेनाशा होतात. १९८३ साली सिनसिनाटीला एअर कॅनडाच्या डीसी-९ विमानात आग लागली, विमान उतरलं तरी ४६ पैकी २३ जण दगावले. त्यानंतर पट्टीचा नियम आला: जमिनीपासून ४ फुटांहून उंचावरचे सगळे दिवे धुरात झाकले गेले तरी वाट दिसली पाहिजे. काही विमानांत ही पट्टी विजेची असते, काहींत स्वयंप्रकाशी. स्वयंप्रकाशी पट्टीला वायर नाही, बॅटरी नाही, पण ती आधी केबिनच्या उजेडात 'चार्ज' करावी लागते. दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी केबिनचे दिवे पुरेसा वेळ पूर्ण लावले नाहीत, किंवा पट्टीवर मळ साचला, तर ऐन वेळी ती फिकी पडते. विजेच्या व्यवस्थेत कॉकपिटमधला स्विच 'आर्म'वर, म्हणजे सज्ज स्थितीत, हवा. तरच नेहमीची वीज गेल्यावर दिवे आपोआप लागतात.

प्रवाशाने काय करायचं? उतरण्याच्या १०-१५ मिनिटं आधी फोन ठेवून द्यायचा, नाहीतर सगळे दिवे मंद असूनही तुमचे डोळे सरावलेले नसतात. वाचायचा दिवाही बंद. पुढच्या आणि मागच्या दरवाजापर्यंत किती रांगा आहेत ते बसल्या बसल्याच मोजायचं. धुरात सीटच्या पाठी चाचपत वाकून जाताना तो आकडाच कामाला येतो. बॅग घ्यायची नाही, मार्गिकेत टाकलीत तर पट्टीच झाकली जाते. फोनचा टॉर्च लावायचा मोहही आवरा, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि दाट धुरात उजेड उलट आपल्याच तोंडावर येतो. पंखावरच्या दरवाजाशी बसला असाल तर आधी काचेतून बाहेर बघा: आग दिसली तर तो उघडायचा नाही, दुसऱ्या बाजूने जायचं.