श्रद्धेमुळे फार्मासिस्टने गोळी नाकारावी का? (प्रश्न: खानापूरच्या मेडिकलमध्ये आणीबाणीची गर्भनिरोधक गोळी मागितली तर)

स्वतःच्या हाताने द्यायची नसेल तर काउंटरवरच्या दुसऱ्या फार्मासिस्टला हाक मारा, पण गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवू नका. बहुतेक वेळा घोळ श्रद्धेपेक्षा माहितीचा असतो. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिग्रॅ., म्हणजे हीच आणीबाणीची गोळी, गर्भपाताची गोळी नाही. ती अंडं बाहेर पडणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. गर्भपाताचं मिफेप्रिस्टोन-मिसोप्रोस्टोलचं किट वेगळं, त्याला चिठ्ठी हवीच.

वेळ महत्त्वाची: संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. शनिवारी रात्री आलेल्या बाईला "बेळगावात मिळेल" म्हणालात, तर शेवटची बस गेलेली असते. दुकानात एकटेच असाल तर फोन करून जवळच्या मेडिकलमध्ये स्टॉक आहे का ते आधी विचारा, मगच पाठवा. देताना हळू आवाजात दोनच गोष्टी सांगा: दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा डोस, आणि टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर ही गोळी कमी पडते, डॉक्टरांना विचारा.

ज्या औषधाला चिठ्ठी लागते, तिच्यावर सही किंवा तारीख नसेल तर नकार रास्तच. "लग्न झालंय का?" हा प्रश्न मात्र कुठल्याच नियमात नाही.