चेक परत आला? दिवाळीची वाट बघू नका

प्रश्न (अमळनेर): मृत्युपत्र नोंदवावेच लागते का?

नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच.

प्रश्न (चोपडा): केळीच्या व्यापाऱ्याने दिलेला चेक दीड महिन्यापूर्वी परत आला. ‘देसू ना भाऊ, दिवाळीनंतर’ म्हणतो. मित्र सांगतो, तीन वर्षांत कधीही केस टाकता येते. थांबू का?

अजिबात नाही. दर हंगामानंतर हेच पत्र येते आणि दर वेळी तो सर्वज्ञ मित्रही असतो. तीन वर्षे ही वसुलीच्या दिवाणी दाव्याची मुदत. चेकच्या फौजदारी केसला बँकेचा मेमो, म्हणजे चेक परत आल्याची चिठ्ठी, आल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस लागते. नोटीस मिळाल्यावर व्यापाऱ्याला पैसे द्यायला 15 दिवस, नंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार. तक्रारीचा उशीर सबळ कारण असेल तर कोर्ट माफ करू शकते, नोटिशीचा नाही. गोडबोल्या व्यापारी नेमके हेच 30 दिवस खातो. तुमचे ते गेले. तरी चेकवरच्या तारखेला 3 महिने झाले नसतील तर उद्याच तो पुन्हा बँकेत टाका. परत आला तर नव्या मेमोपासून 30 दिवस मिळतात. नोटिशीत चेकचीच नेमकी रक्कम मागायची असते, म्हणून नोटीस घरी खरडू नका. मेमो, काट्याची पावती, मोबाइलवरचे मेसेज घेऊन याच आठवड्यात वकील गाठा.

प्रश्न (धुळे): एजंट शहराबाहेरचा प्लॉट नोटरी करून देतो. स्टॅम्प आहे, मग चालेल ना?

नाही. नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मालकी येत नाही. ‘नोंदणी नंतर करू’ म्हणणाऱ्याला टोकनसुद्धा देऊ नका. आधी वकिलाकडून कागद तपासा.

प्रश्न (पारोळा): माझे लग्न 1991 चे, वडील 2003 मध्ये वारले. भाऊ म्हणतो, वडिलोपार्जित शेतात तुझा हक्क नाही.

भावाचा कायदा जुना आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलासारखाच हक्क दिला. वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केले. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटणी किंवा विक्री झाली असेल तर गोष्ट वेगळी. जुने फेरफार काढून वकिलाला दाखवा. आखाजीला माहेरी गेल्यावर कोणत्याही कागदावर सही करू नका.

प्रश्न (नवापूर): मी एकटी बाई, वकिलाची फी कुठून देऊ?

महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज द्या.