मोठा भाऊ गेल्यावर सहा वर्षांची मुलगी रडत नाही, खेळत राहते. हे ठीक आहे का?

हो, बहुतेक वेळा ठीक असतं. या वयातली मुलं सलग शोक करत नाहीत. दहा मिनिटं हुंदके, मग लगेच भातुकली, आणि रात्री एकदम प्रश्न, "दादा कधी येणार?" मृत्यू कायमचा असतो हे पाच ते सात वर्षांच्या सुमारास हळूहळू उमजतं. त्यामुळे तोच प्रश्न वीस वेळा आला तरी तेच उत्तर द्या: "दादाचं शरीर बंद पडलं, तो परत येणार नाही." "झोपला" म्हणू नका, मूल झोपायला घाबरतं. "देवाला आवडला म्हणून नेला" हेही नको. मग आपला नंबर कधी, ही धास्ती बसते.

एक गोष्ट मात्र मुलं विचारत नाहीत. भांडणात "तू मर" म्हटलं होतं, म्हणून तो गेला का? तिने विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा, की तुझ्या बोलण्याने किंवा रागाने काही झालेलं नाही.

तेराव्यापर्यंत तिला मावशीकडे पाठवायचा सल्ला नातेवाईक देतील. माझं मत, घरीच ठेवा. तुम्ही रडताना तिने पाहिलं तरी चालेल. दादाच्या वस्तू तिला विचारल्याशिवाय हलवू नका.

अंथरूण ओलं होणं, पोटदुखी, चिकटून राहणं काही काळ चालतं. पण महिनोन्महिने खाणं, झोप, शाळा बिघडलेली राहिली किंवा "मला दादाकडे जायचंय" असं वारंवार आलं, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत, मराठीतही बोलता येतं, तुम्हालाही.