हॅमची परीक्षा देतोयस तर

अरे,

तुझा मेसेज बघितला, हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, परीक्षेचा प्रश्नसंच पाठवा म्हणतोयस. पाठवतो, पण दोन आठवडे तो उघडू नकोस. एसएसबीवाला (हॅमवाले आवाज पाठवतात ती पद्धत) शॉर्टवेव्ह सेट नसेल तर माझा घेऊन जा, आणि रात्री जेवणं झाली की गच्चीत बसून 7.1 मेगाहर्ट्झच्या आसपास हळूहळू फिरव. आधी वाटेल बदकं भांडतायत, मग नॉब केसभर हलवलास की एकदम त्यातून माणूस बोलायला लागतो. दुपारी तिथे जवळपासची स्टेशनं येतात आणि रात्री पार लांबची, कारण दिवसा वातावरणात वर असलेल्या आयनोस्फिअरचा डी थर हे सिग्नल खाऊन टाकतो आणि सूर्य मावळला की तो विरतो. हे एकदा कानाने पकडलंस ना, की प्रोपगेशनचं, म्हणजे लहरी कशा पसरतात त्याचं, पाठांतर संपलं. क्यू कोडचंही, म्हणजे हॅमवाल्यांच्या तीन अक्षरी खुणांचंही, तेच, दुसरं स्टेशन मध्ये घुसलं की क्यूआरएम, पावसाळी कडकडाट क्यूआरएन, आवाज चढतो-उतरतो तो क्यूएसबी.

मग बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन वायर आण आणि डायपोल अँटेना बांध. एकूण लांबी 143 भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे 7.1 ला साधारण 20.1 मीटर, मधोमध कापून दोन सारखे भाग. मी पहिल्या वेळी हुशारी करून अगदी मोजून कापली, आणि टोकाला इन्सुलेटरला गाठ मारायला वायरच उरली नाही! त्यातलीच वापरली तर अँटेना आखूड, रेझोनन्स (ती सगळ्यात नीट चालते ती फ्रिक्वेन्सी) वर सरकलेला, परत बुधवार पेठेत चक्कर. तू दोन्हीकडे अर्धा-अर्धा मीटर जास्त ठेव, जास्तीची वायर कापता येते, कमी पडलेली ओढून वाढत नाही.

आता नियमांचा भाग. हा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, मलाही वाटला, थिअरीत पेपर मस्त गेला आणि नियमांत आपटलो. दोन्ही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागतं, हे मला निकालाच्या दिवशी नीट कळलं, घरी काय सांगायचं ते रिक्षात ठरवत होतो. लायसन्स हातात येईपर्यंत पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबायचं नाही, मित्राचा हँडसेट असला तरी.

लायसन्सच्या जनरल ग्रेडला मोर्स लागतं, मिनिटाला 8 शब्द. कागदावरचे ठिपके-रेघा बघून शिकू नकोस, सी म्हणजे डा-डि-डा-डिट असं गुणगुणत बस, सिग्नलला गाडी उभी असताना पण चालतं. माझं मत विचारशील तर आधी रिस्ट्रिक्टेड, म्हणजे मोर्स नसलेली ग्रेड, देऊन टाक, मोर्ससाठी अडून बसू नकोस.

आणि एवढी खटपट कशाला असं वाटलं तर सीओईपीच्या, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, पोरांचा स्वयम् आठव, जेमतेम किलोभराचा उपग्रह, 22 जून 2016 ला पीएसएलव्हीतून वर गेला, तोही हॅम बँडवरच बोलायचा.

रविवारी सकाळी ये, कोॲक्स केबलला कनेक्टर कसा सोल्डर करायचा ते दाखवतो. तुझी 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न आणू नकोस, त्याने कनेक्टरची बॉडी तापतच नाही, माझी मोठी काढून ठेवतो.

73 (हॅमवाल्यांच्या भाषेत शुभेच्छा),
काका