एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याकडून नेमकी काय वेगळी अपेक्षा असते?

देशातल्या उच्च शिक्षण पात्रता आराखड्यात पातळ्यांना आकडे दिलेत: पदव्युत्तर पदविका ६, दोन वर्षांची एम.ए. किंवा एम.एस्सी. ६.५, एम.टेक. ७, पीएच.डी. ८. आकड्यांवरून मात्र फारसं काही कळत नाही, म्हणून एक उदाहरण घेतो.

समजा विषय आहे सांगलीकडची क्षारपड जमीन. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने मातीचे नमुने नीट घ्यावेत, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लता) आणि विद्युत वाहकता (म्हणजे क्षारांचं प्रमाण) मोजावी, आकडे का वाढले ते आधीच्या संशोधनाच्या आधारे सांगावं. पद्धत दुसऱ्याची चालेल, पण ती का निवडली हे तोंडी परीक्षेत सांगता आलं पाहिजे. (इथेच बरेच जण गडबडतात. ‘सरांनी सांगितलं’ हे काही उत्तर नव्हे.)

पीएच.डी.ला तेवढ्यावर भागत नाही. निचऱ्याची पाइप टाकूनही एखादा पट्टा का सुधारत नाही, असा उत्तर न मिळालेला प्रश्न तुम्हीच शोधायचा, पद्धत गरजेप्रमाणे बदलायची आणि निष्कर्ष जाणकारांसमोर टिकवून दाखवायचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार किमान १२ श्रेयांकांचा (क्रेडिट) कोर्सवर्क आणि किमान ३ वर्षं लागतात. प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती त्याच नियमांत गेली, तरी विद्यापीठाचे स्वतःचे नियम एकदा बघून घ्या.

एम.फिल.चा विचार करत असाल तर सोडा, ती बंद झाली आहे.