सही करणारे गेले, आता गाडी कुणाची?

प्रश्न : पुण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून मी आठ महिन्यांपूर्वी २००३ सालची फियाट पालिओ १.६ जीटीएक्स घेतली. पुढे ही गाडी क्लासिक म्हणून ओळखली जाईल या विचाराने घेतली आहे, विकायची नाही. २ लाखांपैकी १ लाख ४० हजार बँकेतून दिले, बाकी रोख. साध्या कागदावरची सहीची पावती, आरसी, दोन्ही किल्ल्या आणि गाडी नावावर करण्यासाठी लागणारे, त्यांच्या सहीचे फॉर्म २९ व ३० मला मिळाले. सांगलीला आणल्यावर इंजिन उतरवलं आणि नावावर करायचं राहून गेलं. दरम्यान ते गृहस्थ वारले. मागे पत्नी, मुलगा आणि विवाहित मुलगी आहे. मुलगा म्हणतो, ‘गाडी अजून बाबांच्या नावावर आहे, म्हणजे आमची. पैसे घ्या, गाडी परत करा.’ त्यात ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) घासून साफ करताना मेकॅनिकला दिसलं, की इंजिनावरचा नंबर आरसीवरच्या नंबरशी जुळत नाही. मी काय करू?

उत्तर : गाडी तुमची आहे. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम २० प्रमाणे ठरावीक, ताबा देण्याजोग्या वस्तूचा बिनशर्त सौदा पक्का झाला, की मालकी खरेदीदाराकडे जाते. इथे तर पैसेही पोचले आणि गाडीही तुमच्या दारात आली. विकणारा आणि घेणारा यांच्यातली मालकी आरसीवर नाव चढण्यासाठी थांबून राहत नाही. जे वडिलांनी हयातीत विकलं, ते वारसांकडे येत नाही. मुलाचं दुःख मी समजू शकतो, त्याचा दावा मात्र टिकणारा नाही.

पण ही मालकी तुम्हा दोघांपुरती झाली. रस्त्यावर वेगळा हिशेब लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : गाडी पुढे विकली गेली असली तरी नोंद बदललेली नसेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. म्हणजे उद्या तुमच्या हातून काही झालं तर चालक म्हणून तुम्ही अडकालच, शिवाय बोजा त्या गृहस्थांनी मागे ठेवलेल्या मिळकतीवर, पर्यायाने त्यांच्या कुटुंबावर येऊ शकतो. हा मुद्दा मुलाला शांतपणे सांगा. नाव बदलणं तुमच्याइतकंच त्यांच्याही हिताचं आहे, हे बहुतेक कुटुंबांच्या लक्षातच आलेलं नसतं.

विम्याचंही तसंच. याच कायद्याच्या कलम १५७ मुळे तृतीय पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग असा आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितलेलं आहे. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवायचं असतं, ते तुम्ही केलेलं दिसत नाही. गाडी कुठे ठोकली तर खर्च तुमच्या खिशातून. तेव्हा नाव चढेपर्यंत गाडी शेडमध्येच राहू द्या. इंजिन बांधून झालं, की एक चक्कर मारून पाहावी असं वाटणारच. तरीही नको.

आता त्या सह्या केलेल्या फॉर्मबद्दल. आरटीओबाहेर कुणीतरी नक्की सांगेल, ‘जुनी तारीख टाका, लावून देतो.’ हे अजिबात करू नका. माणूस हयात नाही हे माहीत असताना तो हयात असल्यासारखा अर्ज दाखल करणं म्हणजे सरकारी कार्यालयाला खोटी माहिती देणं. स्वच्छ व्यवहारातला माणूस तेवढ्या एका तारखेने आरोपी होतो. ते फॉर्म जपून ठेवा, कारण त्यांनी विक्री केली याचा तो भक्कम पुरावा आहे. नोंद बदलण्यासाठी मात्र ते आता चालणार नाहीत.

रीतसर मार्ग दोन टप्प्यांचा. आधी मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमतीची प्रतिज्ञापत्रं जोडून, फॉर्म ३१ भरून गाडी एका वारसाच्या नावावर होते. मग त्या वारसाच्या सहीने नवे २९ आणि ३० भरून ती तुमच्या नावावर येते. वारसांनी मृत्यूची माहिती ३० दिवसांत कळवायची आणि अर्ज तीन महिन्यांत करायचा, असा नियम आहे. तुमचेही ३० दिवस केव्हाच उलटले. उशिराबद्दल दंड भरावा लागेल, तो भरा. गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल तर तेही आधी पाहा, नाहीतर अर्ज तिथेच अडेल.

आणि हो, मुलगा एकटा वारस नाही. हिंदू कुटुंब असेल तर पत्नी आणि मुलगी यांचा हक्क त्याच्याइतकाच आहे. गृहस्थांच्या आई हयात असतील तर त्यांचाही. म्हणजे मुलगा एकटा गाडी परत मागू शकत नाही, तसंच त्याच्या एकट्याच्या होकाराने तुमचं कामही होणार नाही. माझा अनुभव असा, की अशा घरात आईशी बोलणं जास्त उपयोगी ठरतं. व्यवहार बहुधा त्यांच्यासमोरच झालेला असतो.

एक काम मात्र आजच करा. आरसी हरवल्याचं सांगून दुय्यम प्रत काढणं आणि फॉर्म ३१ वर गाडी आपल्या नावावर करून तिसऱ्याला विकणं, ही वाट मुलाला मोकळी आहे. तो तसं करेल असं मी म्हणत नाही. पण ज्या आरटीओत नोंद आहे तिथे व्यवहाराची तारीख, पावतीची प्रत, बँकेचा उतारा आणि मूळ आरसी तुमच्या ताब्यात असल्याची माहिती जोडून लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. व्हॉट्सॲपवरचं त्या गृहस्थांशी झालेलं बोलणं पुसू नका, फोनही बदलू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे ते प्रमाणपत्रासह न्यायालयात देता येतं.

इंजिनाचा नंबर ही मला सगळ्यात जास्त काळजी वाटणारी गोष्ट. जुन्या गाडीत ब्लॉक बदललेला असणं यात जगावेगळं काही नाही. अडचण अशी, की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय इंजिन बदललं तर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते आणि इथे ती झालेली नाही. नियमबाह्य बदलाला कलम १८२ए(४) खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बदल तुम्ही केलेला नाही, हे खरं आहे. पण तो ब्लॉक चोरीच्या गाडीतला निघाला, तर प्रश्न विचारला जाईल की तुम्हाला केव्हा कळलं आणि कळल्यावर तुम्ही काय केलंत. त्यामुळे आजच्या तारखेला मेकॅनिककडून लेखी घ्या : कोणता नंबर, कुठे दिसला, खोडल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा आहेत का. फोटो काढा. चेसिस नंबर आरसीशी जुळतो का, तेही तपासा. तो जुळत नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तडक वकील गाठा. आणि तो नंबर घासून ‘जुळवून’ देणारा कुणी भेटला, तर त्याच्या दुकानातून गाडी लगेच बाहेर काढा.

यासाठी वारसांकडून काही पैसे परत मागता येतील का? जाणूनबुजून लपवलं असेल तर करार कायद्याच्या कलम १७ खाली ती फसवणूक ठरते. पण ते गृहस्थ आता उत्तर द्यायला नाहीत. शिवाय नुसतं गप्प राहण्यातली फसवणूक असेल, तर साध्या खबरदारीने सत्य कळलं असतं का, हे कलम १९ विचारतं. बॉनेट उघडून बॅटरीच्या उजेडात आरसी आणि नंबर ताडून पाहणं ही साधी खबरदारीच आहे. मी या मुद्द्यावर भांडणार नाही. ग्राहक आयोगाचाही रस्ता नाही, कारण घरची गाडी विकणारा माणूस व्यापारी ठरत नाही.

त्यापेक्षा त्या घराला एक विचारा : मूळ ब्लॉक कुठे आहे? पुष्कळदा तो जुन्या मेकॅनिककडे किंवा घराच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळून पडलेला असतो. बदललेल्या इंजिनाचं बिलही एखाद्या फायलीत सापडतं. बिल मिळालं तर आरसीवर नोंद करून घेणं पुष्कळ सोपं होतं. मूळ ब्लॉक मिळाला तर याहून चांगलं काय! तुम्ही ‘भावी क्लासिक’ म्हणता, पण कायद्यात आज अशा गाडीला वेगळा दर्जा नाही. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद आली, ती ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी. तुमची पालिओ २०५३ नंतर त्यात बसेल. त्यातही अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. संग्राहकही जुळणाऱ्या नंबरांचीच किंमत करतात.

म्हणून नोटिशीने सुरुवात करू नका. तुम्हाला हवी असलेली सही आणि कदाचित तुमच्या गाडीचं खरं इंजिन, दोन्ही त्या कुटुंबाच्या हातात आहेत. भेटायला जा, पावती दाखवा, कागदपत्रांचा खर्च मी करतो म्हणा.

तरीही नकारच आला तर वकिलामार्फत नोटीस द्या आणि मग मालकी जाहीर करून मिळावी व वारसांना सह्या करण्याचा हुकूम व्हावा, असा दिवाणी दावा लावा. मालकी जाहीर करून मागण्याच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची. मुलाने मालकी नाकारलेला दिवस ही सुरुवात धरून चाला, म्हणून त्याने तसं मेसेजवर कळवलं असेल तर तो मेसेज जपा. दाव्यात आई आणि बहीण यांनाही प्रतिवादी करा. एक वारस जरी राहिला तरी हुकूमनामा हातात असून आरटीओत पुन्हा अडायची पाळी येईल.