फी भरण्याआधी हळदीचा एक फोटो

प्रश्न : माझा मुलगा यंदा कॉमर्समधून बारावी झाला, ६१ टक्के मिळाले. त्याला फोटो एडिटिंग शिकायचंय. रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर मित्रांचे फोटो सजवत बसलेला असतो. इथल्या एका क्लासने सहा महिन्यांच्या कोर्सचे ४० हजार सांगितलेत, नोकरीची हमीही देतात. घरचा लॅपटॉप जुना, ४ जीबीचा आहे, तो चालणार नाही म्हणतात. ह्यांचं म्हणणं, छंद म्हणून ठीक, पोट भरणार नाही. पैसे भरू का? – एक आई, बार्शी

ताई, आत्ता भरू नका. तीन महिने थांबा. कोर्सच्या सुरुवातीला जे शिकवतात ते त्याला घरबसल्या, फुकट आणि त्याच जुन्या लॅपटॉपवर शिकता येईल. शिवाय त्याला हे काम खरंच आवडतं की नुसते फिल्टर आवडतात, हेही तेवढ्यात कळेल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फिल्टर कुठल्याही फोटोवर तोच रंग फासतो. एडिटिंग करणाऱ्याला आधी फोटोत काय बिघडलंय ते ओळखावं लागतं.

लॅपटॉपचं आधी सांगते. फोटोशॉपच्या नव्या आवृत्तीला किमान ८ जीबी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, लागते, म्हणून क्लासवाले म्हणतात ते तेवढ्यापुरतं खरं. पण गिंप नावाचं मोफत सॉफ्टवेअर १९९६ पासून लोक वापरतायत आणि ते कमी ताकदीच्या मशीनवरही चालतं. तेही जड गेलं तर फोटोपी आहे, ते ब्राउझरमध्येच उघडतं आणि फोटोशॉपच्या फायलीही वाचतं. बटणांच्या जागा बदलतील, मूळ कल्पना त्याच राहतील. कुणी ‘क्रॅक केलेलं फोटोशॉप टाकून देतो’ म्हणालं तर घेऊ नका. त्यातून व्हायरस येतात, आणि धंद्याची सुरुवात चोरीच्या मालाने कशाला करायची?

आता शिकायचं काय? त्याला एकच फोटो घ्यायला सांगा, नात्यातल्या एखाद्या हळदीचा. फोटो व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला नको, तो दाबून लहान झालेला असतो. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाईल आणायची, तिची प्रत करायची आणि मूळ फाईलला हात लावायचा नाही. जेपेग (फोटो साठवायचा नेहमीचा प्रकार) फाईल दर वेळी बदलून सेव्ह केली की थोडी थोडी खराब होत जाते.

हळदीचाच फोटो का, तर तो अवघड असतो. मांडवाचं कापड पिवळं, त्यातून झिरपणारं ऊन पिवळं, अंगाला हळद. नवरी, करवली, मागे उभी असलेली मावशी, सगळ्याच कावीळ झाल्यासारख्या दिसतात. इथे ‘ऑटो’चं बटण दाबलं की हळदच फिकी पडते आणि चेहरे राखेसारखे होतात. मग काय करायचं? फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचे ० ते २५५ मधले तीन आकडे असतात. पांढऱ्या किंवा करड्या वस्तूत हे तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. मुंडावळ्यांचे मोती पांढरे असतात हे आपल्याला माहीत आहे. कलर पिकरने, म्हणजे रंगाचे आकडे दाखवणाऱ्या साधनाने, त्या मोत्यावर टिचकी मारली आणि आकडे २३५, २१५, १५० असे आले, तर निळा कमी पडलाय हे लगेच कळतं. कर्व्हज, म्हणजे रेघ ओढून रंग-उजेड कमीजास्त करायचं साधन, उघडायचं, निळ्याची रेघ हळूहळू वर न्यायची आणि मोत्याकडे बघत राहायचं. मोती पांढरा झाला की मावशीचा चेहरा माणसात येतो आणि हळद मात्र पिवळीच राहते. कॉमर्सचा मुलगा आहे, आकड्यांना घाबरणार नाही.

पण मोती पूर्ण पांढरा केला की मांडवाची ऊब जाते. म्हणून ही दुरुस्ती वेगळ्या लेअरवर, म्हणजे फोटोवरच्या वेगळ्या थरावर, करायची आणि त्याला मास्क लावायचा. मास्कवर पांढरा रंग फिरवला तिथे दुरुस्ती दिसते, काळा फिरवला तिथे झाकली जाते. मऊ ब्रशने ती चेहऱ्यांपुरती ठेवली की कापड, ऊन, सगळं जिथल्या तिथे राहतं. किती ठेवायची हे कुठलंच बटण सांगत नाही, आणि शिकायचं असतं ते हेच. आकडे, कर्व्हज, लेअर, मास्क एवढं हातात बसलं की पाया झाला असं मी समजते. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत किती ठिपके गडद आणि किती उजळ ते दाखवणारा आलेख, वाचायलाही शिकू दे. शालूची सोनेरी जर जिथे तिन्ही आकड्यांत २५५ ला टेकली तिथे नुसता पांढरा डाग उरतो. हल्लीचं एआय तिथे नवी जर चितारून देईल, पण ती त्या शालूची नसेल.

महिन्यातून एकदा तरी प्रिंट काढायला लावा. चार बाय सहा इंचांच्या प्रिंटला, इंचाला ३०० ठिपके धरले तर, १२०० बाय १८०० पिक्सेल (ठिपके) लागतात, आणि अल्बमच्या बारा बाय छत्तीसच्या शीटला ३६०० बाय १०८००. मोबाईलच्या झगझगीत पडद्यावर छान दिसलेला फोटो कागदावर काळवंडतो, हे एकदा स्वतःच्या पैशाने अनुभवलेलं बरं.

आणि गावातल्या एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडे त्याला बसू द्या. निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग केलेली माणसं अजून आहेत. सॉफ्टवेअरमधली डॉज आणि बर्न ही नावं डार्करूममधलीच, म्हणजे फिल्मचे फोटो तयार करायच्या अंधाऱ्या खोलीतली. प्रिंट काढताना हाताने उजेड अडवला की तो भाग उजळ येई, जास्त उजेड दिला की गडद. १९९० साली बाजारात आलेलं फोटोशॉप बनवणाऱ्या थॉमस आणि जॉन नोल या भावांच्या घरीही वडिलांची डार्करूम होती. उजेडाशी खेळून झालेली नजर या काकांकडे आहे, ती मागून घ्यावी.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. त्याला काम मिळू लागलं की पहिली मागणी येईल, ‘पोरीला जरा गोरी करा.’ आमच्या घरातल्या एका लग्नाच्या अल्बममध्ये माझी सावळी बहीण ओळखूच येत नाही. चेहरा पिठासारखा आणि मेंदी काढलेले हात तिचे स्वतःचे. तिने तो अल्बम कधी कुणाला दाखवला नाही. मुरूम काढा, डोळ्यांखालची रात्रभरची जाग कमी करा, पण रंग माणसाचा त्याच्याकडे राहू द्या. हे त्याला आईकडून ऐकायला मिळालं तर जास्त रुजेल.

आता पोटाचं. तालुक्याच्या गावात अल्बम डिझाइन, फ्लेक्स, शाळांची ओळखपत्रं, दुकानांच्या मालाचे फोटो ही कामं आहेत, पण लग्नसराईत रात्र पुरत नाही आणि चातुर्मासात हात रिकामे, असं चालतं. नुसती पार्श्वभूमी कापून देण्याचं काम एआय एका टिचकीत करतं. २०२३ पासून फोटोशॉपमध्येच जनरेटिव्ह फिल आलंय, शब्दांत सांगितलं की ते चित्र भरून देतं. तेव्हा तेवढंच येणाऱ्याचं अवघड आहे, तुमच्या मिस्टरांची काळजी अगदीच चुकीची नाही. म्हणून बी.कॉम.ला प्रवेश घेऊ द्या, तो सोडू नका. पुढे गोडी टिकली तर आयटीआयचा डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडण्याचा, ट्रेड आहे. चित्रकलेचा हात असेल तर उपयोजित कलेची (जाहिरात, डिझाइनची कला) चार वर्षांची पदवी आहे, तिला राज्याची सीईटी द्यावी लागते. त्याने शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या का, ते मला कळवा.

क्लासला तेवढ्यात एक विचारून या. गेल्या बॅचमधले किती जण कुठे लागले, आणि त्यातल्या दोघांना भेटता येईल का? हमी कागदावर लिहून देतात का?

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी हळदीच्या फोटोचा पहिला आणि शेवटचा प्रिंट शेजारी ठेवा आणि मिस्टरांना विचारा, यातली मावशी कुठल्या फोटोत मावशीसारखी दिसते? ते दोन्ही प्रिंट आणि क्लासची उत्तरं मला पाठवा. फी भरायची की नाही, ते तेव्हा ठरवू.